मापापेक्षा मोठी टोपी

८ जानेवारी

विहीणबाईंना,

नमस्कार. त्याआधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. मी ते मुद्दाम गाळलं आहे.

भिंगरीच्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेली टोपी परवा पोचली. पिवळी, दोन्ही कानांवर पट्ट्या, वर गोंडा. विणकामात खोट काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. पण ही टोपी नक्की कोणासाठी आहे? मी स्वतः घालून पाहिली तर मला जवळजवळ बसली. भिंगरीला घातली तर नाकापर्यंत उतरली आणि पोर आत दिसेनाशी झाली.

माझी लेक म्हणते, "अगं, त्यांनी तिला अजून बघितलंच नाहीये, माप कसं कळणार?" ती तुमची सून आहे, तेव्हा तिने तुमची बाजू घ्यावी हे रीतीला धरून आहे. मला ते पटत नाही. जिचं उभं आयुष्य लोकर आणि बटणांच्या दुकानात गेलं, तिला वर्षाच्या मुलाच्या डोक्याचं माप कळत नाही?

आणि ह्या घरात डोक्याचं माप म्हणजे काय, हे तुम्हाला पुरतं माहीत आहे. दर भेटीला डॉक्टर तिच्या कपाळाभोवती टेप गुंडाळतात आणि आलेखावर एक ठिपका देतात. ठिपका रेषेला धरून असला की ते नुसतं "हं" म्हणतात, आणि त्या "हं"वर आम्ही तिघं पुढच्या भेटीपर्यंत जगतो. अशा घरात तुम्ही बादलीएवढी टोपी पाठवता. हा टोमणा असेल तर पोचला. नसेल तर तसं कळवा.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. ती आता आधाराशिवाय बसते. रांगत नाही. कुठे जायचं झालंच तर बसल्या बसल्या बूड घासत जाते. नाव भिंगरी आणि बाईसाहेब एका जागी ठाण मांडून. हे नाव तुमच्या चिरंजिवांनी ठेवलं. ती पोटात खूप फिरायची म्हणून.

त्या सोनोग्राफीच्या दिवशीही फिरत होती. डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या तीनच होत्या, म्हणून तुमचे चिरंजीव भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्या प्रत्येकाच्याच असतात. त्यांची रुंदी दहा मिलिमीटरच्या आत असावी, तुमच्या बाळाची बारा आहे. बाकीच्या तपासण्यांत काही निघालं नाही, ही चांगली गोष्ट. "अशा दहा मुलांतली नऊच्या आसपास इतर मुलांसारखीच वाढतात," ते म्हणाले. "दहावं कोणतं, ते आज मला दिसत नाही. कोणालाच दिसत नाही."

मला तो माणूस आवडला. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणाला.

मग आपण बाहेर बोळात आलो. माझी लेक पोटावर हात ठेवून उभी होती, आणि तिच्यासमोर तुम्ही म्हणालात, "आणि दहावं आपलं निघालं तर?"

मी म्हणाले, "तर मी सांभाळीन. तुम्हाला जमणार नसेल तर तुमची गाडी किती वाजता आहे ते बघा."

तुम्ही बघितलीत आणि गेलात. बाळंतपणालाही आला नाहीत. मी तुम्हाला घराबाहेर काढलं असं तुम्ही तिकडे कोणाला सांगत असाल, तर ती माहिती चुकीची आहे. आपण घरात नव्हतोच. दवाखान्याच्या बोळात होतो.

टोपी ठेवून घेते आहे. आलेली वस्तू परत पाठवणं मला बरं दिसत नाही.

तुमची विहीण


२ फेब्रुवारी

विहीणबाईंना,

नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहत होते असं समजू नका. लिहिते आहे कारण काम आहे, आणि ते तुमच्या चिरंजिवांचं आहे.

आधी थोडं मागचं. सप्टेंबरात भिंगरीला तिची वाढ तपासायला नेलं होतं. खोलीत जमिनीवर गादी, आणि एक चुणचुणीत मुलगी पेटी घेऊन बसलेली. आम्ही तिला खेळवाली म्हणतो. पेटीत लाल ठोकळे, एक पेला, एक घंटा, एक रुमाल, खुंट्या लावायची फळी. ती बाळापुढे एकेक वस्तू ठेवते आणि बाळ काय करतं ते टिपून घेते. शेवटी ती म्हणाली, "बाकी ठीक आहे, पण हातांच्या कामात थोडी मागे वाटते. फेब्रुवारीअखेर पुन्हा बघू. तेव्हाही मागे असेल तर आठवड्यातून दोनदा इथे व्यायामाला आणायचं. नसेल तर मग एकदम वर्षानेच भेटू."

मी ऐकलं ते हे, की गरज असेल तर मदत मिळेल. तुमच्या चिरंजिवांनी ऐकलं ते हे, की फेब्रुवारीत परीक्षा आहे.

त्यांना दुसरं ऐकू येणार तरी कसं? दिवसभर प्रवेश परीक्षांचे क्लास घेतात. भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात हार. लांबून पाहिलं तर सगळे वारलेत असं वाटतं. मुलांना त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "पेपर कसा येतो ते कळलं की निम्मं काम झालं." त्या दिवशी मी भिंगरीकडे बघत होते आणि ते पेटीकडे बघत होते. घरी येऊन त्यांनी सुताराकडून ठोकळे करून घेतले, तितकेच मोठे, तेच लाल. पेला बाजारभर हिंडून तसाच मिळवला. खुंट्यांची फळी केली. तेव्हापासून रोज आंघोळीनंतर भिंगरीचा क्लास. ठोकळा पेल्यात पडला की टाळ्या आणि बिस्किटाचा तुकडा. मला वाटलं, बाप मुलीशी खेळतो आहे, आपण नाक कशाला खुपसा?

गेल्या आठवड्यात मी बटाटे निवडत होते. भिंगरी समोर बसलेली. लहान लहान बटाटे बाजूला काढले, एक वाटी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "टाक गं यात."

तिने बटाट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बटाटा चाटला. मी एक टाकून दाखवला, दुसरा टाकून दाखवला. ती माझ्या तोंडाकडे अशी बघत राहिली, जशी मागच्या बाकावरची मुलगी बघते, नाव पुकारल्यावर.

मी उठले, तिच्या बापाचा पेला आणि ठोकळे आणून ठेवले. विहीणबाई, टपाटप सगळे ठोकळे आत. शेवटचा पडल्यावर तिने स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या आणि बिस्किटासाठी तोंड उघडलं. मग मी त्याच पेल्याशेजारी एक बटाटा ठेवला. काही नाही. हात मांडीवर.

तिला तो पेला येतो. टाकणं येत नाही.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, मी शिकवायचे त्या शाळेत मुली मला घार म्हणायच्या. त्यांना वाटायचं मला कळत नाही. परकराच्या दुमडीतल्या, वेणीच्या रिबिनीतल्या, पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या, सगळ्या कॉप्या मी धरल्या आहेत. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर सांगायच्या की कॉपी करणारी मुलगी बाईंना फसवत नाही, स्वतःचीच मदत तोडते. तिला काय येत नाही ते मग कोणाला कळतच नाही. तेव्हा मला ते प्रवचन वाटायचं. आता माझ्याच घरात लंगोटातली मुलगी कॉपी करते आहे आणि तिला चिठ्ठी पुरवणारा तिचा बाप आहे.

ती ह्या परीक्षेत पास झाली तर खेळवाली म्हणेल, वर्षाने या. आणि त्या वर्षात तिच्या हातांकडे कोणी बघणार नाही.

माझं ते ऐकत नाहीत. मी सासू, त्यातून बोलते मी कशी हे तुम्ही अनुभवलं आहे. तुम्ही आई आहात. त्यांना सांगा.

तुमची विहीण

ता. क. टोपी ती घालत नाही, पण सोडतही नाही. झोपताना गालाखाली घेते. गोंड्याची लोकर तोंडात जाते. हे वर्णन आहे, तक्रार नाही.


११ फेब्रुवारी

विहीणबाईंना,

नमस्कार.

तुम्ही अजून गप्पच. तुमच्या ह्या गप्प बसण्याला तुमच्या गावात सोशिकपणा म्हणत असतील. माझ्या वर्गात आम्ही त्याला "उत्तर येत नाही" म्हणायचो.

मी शेवटी स्वतःच बोलले. रविवार होता, क्लासला सुट्टी, भिंगरीला मात्र नव्हती. मी म्हटलं, "जावईबापू, हे बंद करा."

"काय बंद करू?"

"हे पाठांतर. दवाखान्यात नेमकं हेच विचारतात आणि तुम्ही नेमकं हेच घोटून घेताय."

"आई, तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत? शिकवलंत, परीक्षा घेतलीत, पास-नापास केलंत. मी तेच करतोय."

"मी बाराखडी शिकवायचे. पेपर नाही शिकवला कधी."

"म्हणून तुमच्या शाळेचा निकाल तसा लागायचा."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मी म्हटलं, "आणि ती पास झाली की मग?"

ते म्हणाले, "मग सुटलो."

पुढचं मी लिहीत नाही. आवाज चढला एवढं पुरे. भिंगरी दोघांच्या मध्ये बसून आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. तिला बहुधा वाटत होतं की आता टाळ्या कोणी वाजवायच्या हे ठरत नाहीये.

तेवढ्यात माझी लेक आली. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते, रविवारी अर्धा दिवस. चपलाही काढल्या नव्हत्या. म्हणाली, "खाली जिन्यापर्यंत ऐकू येतंय. तुम्ही दोघं माझ्या पोरीला बोर्डाला बसवताय का?"

मी म्हटलं, "मी नाही, तुझा नवरा बसवतोय. सांग त्याला, हे खोटं आहे."

ती खाली बसली, भिंगरीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "असू दे खोटं. आई, ती पोटात होती तेव्हापासून मला सगळे 'बघू' म्हणतायत. बघू, थांबू, सांगता येत नाही. दुकानात बायका टॉनिकं न्यायला येतात आणि बोलता बोलता सांगतात, आमचा कधीच चालायला लागला. मला एकदा, फक्त एकदा कोणीतरी म्हणायला हवंय की काही नाही, घरी जा. मग ते खोटं का असेना."

विहीणबाई, मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

तुम्हाला हे सगळं का सांगते आहे? कारण दुसरं सांगायला कोण आहे? शेजारची म्हणते, "सगळं छान होईल हो, देवावर सोडा." वरच्या मजल्यावरची म्हणते, मोबाइलवर बघा, त्यात सगळं असतं. त्यात खरंच सगळं असतं. पाहिजे ते मूल त्यात सापडतं, कॉलेजात शिकणारंसुद्धा आणि अंथरुणाला खिळलेलंसुद्धा. त्यात फक्त भिंगरी नाही.

तारीख सव्वीस आहे. अजून वेळ आहे. आईसारखं वागायचं असेल तर लवकर वागा.

तुमची विहीण


१९ फेब्रुवारी

विहीणबाईंना,

नमस्कार.

काल तुमचा फोन आला तेव्हा मीच उचलला. तुम्ही म्हणालात, "हॅलो," मी म्हणाले, "देते." इतक्या दिवसांनंतर दोन विहिणींचं संभाषण एवढंच. तरी भांडण न होता पार पडलं, त्यात समाधान मानू.

चिरंजीव फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी ऐकायचा प्रयत्न केला, हे तुमच्यापासून लपवत नाही. काचेतून फक्त दोरीवरचे कपडे आणि त्यांच्यामागे त्यांची पाठ दिसत होती. आधी ते बोलत होते. मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. एकदा वाळलेला टॉवेल उगाचच काढला, घडी केली, परत दोरीवर टाकला.

आत आले, जेवायला बसले. माझ्या लेकीने विचारलं, "काय म्हणाल्या?" म्हणाले, "काही नाही. माझ्या लहानपणचं."

सकाळी क्लास झाला नाही. ठोकळे, पेला, फळी सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. माझं म्हणणं मान्य झालं होतं, पण ते मिरवायला समोर कोणी थांबलंच नाही.

पण हे एक लिहायला हवं. आंघोळ झाल्यावर भिंगरी बूड घासत घासत रोजच्या जागी गेली, खिडकीखाली. बसली. समोर पेला नाही. तरी तिने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि तोंड उघडून वाट बघत राहिली. तिच्या बापाने ते बघितलं आणि डबा न घेताच क्लासला गेला.

मी तिला बिस्किट दिलं. तिने काहीही केलं नसताना दिलं. शिस्त बिघडली तर बिघडू दे.

आता अडचण अशी आहे की खोकं माळ्यावर गेलं तरी पाठ झालेलं डोक्यातून जात नाही. सव्वीसला खेळवाली पेटी उघडेल, भिंगरी टपाटप ठोकळे टाकेल आणि पास होईल. तिथे कोणीतरी सांगितल्याशिवाय हे सुटणार नाही. कोण सांगणार, ते मला माहीत नाही. माझी लेक नाही सांगणार, आणि तिने मला सांगितलं आहे की, "आई, तू तिथे तोंड उघडलंस तर मी तुला परत कधी बरोबर नेणार नाही." ती माझीच मुलगी आहे, बोलली तर करेल.

तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मी विचारत नाही. फोन केलात त्याबद्दल आभार. हे वाक्य लिहायला मला चहा पुन्हा गरम करावा लागला.

तुमची विहीण


४ मार्च

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

क्रमाने सांगते. उत्तर मिळत नसलं तरी लिहायची आता सवय लागली आहे.

आम्ही चौघं गेलो. भिंगरीला तुमची टोपी घातली होती. म्हणजे ती डोक्यावर ठेवली होती आणि भिंगरी दर थोड्या वेळाने ती ओढून काढत होती. माझी लेक भिंगरीला घेऊन वजन करायला आत गेली. बाहेर बाकावर मी आणि तुमचे चिरंजीव. आमच्यामध्ये एक खुर्चीभर जागा. समोरच्या भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र, कुठलीही शंका नसलेलं.

ते एकदम म्हणाले, "आई, मी साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही. आता त्याची भरपाई चालली आहे असं दिसतं."

हसले. मग सांगितलं. तुम्ही सांगितलेलंच, पण मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं, म्हणून लिहिते. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी तुम्ही त्यांच्याकडून सगळं घोटून घेतलं होतंत. नाव काय, केळं कुठल्या रंगाचं, गाय कशी ओरडते. त्यांनी सगळं धडाधड सांगितलं, शाळेत घेतलं, तुम्ही पेढे वाटलेत. मग वर्षभर ते शेवटच्या बाकावर बसून होते आणि वर्गात काय चाललं आहे ते त्यांना कळत नव्हतं. रोज चड्डी ओली करून घरी यायचे. कोणी लक्ष दिलं नाही, कारण मुलगा हुशार म्हणून आत आलेला.

"आमच्या घरात ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगतात," ते म्हणाले. "केळं पिवळं, गाय हम्मा. ओल्या चड्डीचं आईने त्या दिवशी फोनवर पहिल्यांदा सांगितलं. म्हणाली, तू पास झालास म्हणून तुझ्याकडे कोणी बघितलं नाही रे."

मी मध्ये ठेवलेली माझी पर्स उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

मग आत बोलावलं. गादी, पेटी, खेळवाली. रुमालाखाली घंटा लपवली, भिंगरीने काढली. मग पेला आला. तोच. भिंगरीचा चेहरा उजळला, जुनी मैत्रीण भेटावी तसा. टपाटप, टपाटप. टाळ्या. तोंड उघडं. खुंट्यांची फळी: एक, दोन, तीन. खेळवाली म्हणाली, "अरे वा! ही तर खूपच पुढे गेली!" आणि लिहायला लागली.

माझ्या लेकीने डोळे मिटून घेतले. त्या चेहऱ्यावर मी इतका आराम कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. विहीणबाई, मला समोर कॉपी दिसत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले. मुलीच्या धमकीला भिऊन नव्हे. तिचे ते मिटलेले डोळे माझ्याने उघडवले नसते.

"मॅडम, लिहू नका," तुमचे चिरंजीव म्हणाले.

खेळवालीने वर बघितलं.

"हे तिला पाठ आहे. मी करून घेतलंय. असेच ठोकळे, असाच पेला. रोज. बाकी कशात ती टाकत नाही. बटाटे टाकत नाही." त्यांनी पेला उचलून बाजूला ठेवला. "आमच्या आईंनी बघितलंय."

आमच्या आई म्हणजे मी. बटाट्यांची साक्ष द्यायला मला मान हलवावी लागली.

खेळवाली गोंधळली. असं तिला आधी कोणी सांगितलं नसावं. तिने एकदा पेटीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग लिहिलेलं खोडलं आणि म्हणाली, "मग हे ठेवून देऊ. तुमच्याकडे घरातलं काही आहे का?"

मी पर्स गादीवर पालथी केली. किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल, दोन गोळ्या, बसची तिकिटं. माझी पर्स इतक्या लोकांसमोर कधी उघडी पडली नव्हती.

भिंगरीला किल्ल्या आवडल्या. चष्म्याच्या घरात त्या टाकायला सांगितलं, दाखवलं, पुन्हा दाखवलं, नाही जमलं. हात तिथपर्यंत जायचा आणि किल्ल्या बाहेर पडायच्या. बोटांनी तिकीट उचलायचं, तेही नाही जमलं, तळहाताने ओढून घेतलं. माझ्या लेकीचे डोळे आता उघडे होते. खेळवाली लिहीत होती.

आणि मग, कोणी काही सांगितलेलं नसताना, भिंगरीने डोक्यावरची टोपी ओढली. मोठी आहे म्हणून एका हिसक्यात आली. ती तिने किल्ल्यांवर टाकली. किल्ल्या दिसेनाशा झाल्या. तिने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. वर्गात डब्यात बेडूक लपवून आणलेली मुलगी बघायची, अगदी तशी. मग टोपी उचलली, किल्ल्या दिसल्या, आणि ती अशी खदखदून हसली की बाहेरून एक नर्स डोकावली. पुन्हा टोपी टाकली. पुन्हा उचलली. पुन्हा हसली.

हे कोणी शिकवलेलं नव्हतं. ठोकळ्यांचा गुरू तिच्या शेजारी तोंड उघडं टाकून बसला होता. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत आणि बिस्किट मागितलं नाही.

निकाल असा: समज वयाप्रमाणे. हात मागे, पायही थोडे मागे. आठवड्यातून दोनदा व्यायाम, मंगळवारी आणि शुक्रवारी. डॉक्टरांनी टेप लावली, ठिपका दिला, "हं" म्हणाले. तुमच्या चिरंजिवांनी विचारलंच, "म्हणजे ही दहावी का?" डॉक्टर म्हणाले, "अजून सांगता येत नाही. हे व्यायामाने भरून निघेल किंवा थोडं राहील. पण आज मला ती दिसली. गेल्या वेळेपेक्षा चांगली दिसली."

माझी लेक बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरचं खोकं उतरवून तिने ठोकळे बटाट्यांच्या टोपलीत टाकले, आणि आता भिंगरी त्यांची सरमिसळ करत बसते. काल एक बटाटा पेल्यात गेला. चुकून गेला असेल. मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

आता तुमचा विषय.

त्या दिवशी बोळात तुम्ही म्हणाला होतात, दहावं आपलं निघालं तर? बाकावर बसून तुमच्या मुलाचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की तो प्रश्न होता. शेवटच्या बाकावरच्या मुलाला एकटीने मोठं केलेल्या बाईचा प्रश्न. मी तो निकाल समजले आणि विचारणारीला गाडीचं वेळापत्रक दाखवलं. शिक्षिकेने असं करू नये. पण मी निवृत्त आहे, आणि तुम्हीही जरा मोठ्याने विचारायला हवं होतंत.

तर उत्तर. दहावं आपलं निघालं तर मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाला न्यायचं. नववं निघालं तरी तेच. मंगळवारी मी नेते. शुक्रवारी माझे गुडघे नकार देतात. दवाखान्यात दोन जिने आहेत आणि नात आता हलकी राहिलेली नाही.

सोबत एक दोरा आहे. भिंगरी झोपलेली असताना तिच्या डोक्याभोवती गुंडाळून बरोबर तेवढा कापला आहे. आकडा लिहीत नाही, ह्या घरात आकडे पुष्कळ झाले. पुढची टोपी ह्या दोऱ्यापेक्षा चांगली मोठी विणा. तिला ती स्वतःच्या हाताने काढता आली पाहिजे. गोंडा मात्र घट्ट शिवा.

आणि तुमच्याकडून इकडे यायला गुरुवारी गाडी किती वाजता असते, ते बघा.

तुमची विहीण